दोन फ्री थ्रो, एक ताबा आणि पाच हजार डॉलर

२१ मे २०१३, सॅन अँटोनियो. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या पश्चिम विभागाची अंतिम फेरी (कॉन्फरन्स फायनल), दुसरा सामना. आपल्याकडे २२ तारखेची सकाळ उजाडली होती. चौथ्या क्वार्टरचे साधारण २६ सेकंद उरलेले. यजमान स्पर्स ८५, मेम्फिस ग्रिझलीज ८१. चार गुणांची आघाडी, घरचं मैदान, वर टिम डंकनसारखा मुरलेला माणूस संघात. सामना संपल्यात जमा होता.

तेवढ्यात मेम्फिसचा टोनी ॲलन चेंडू घेऊन बास्केटकडे सुटला. मनू जिनोबिलीला त्याला गाठायला जरा उशीर झाला होता, त्याने ॲलनचा हात ओढला. ॲलन खाली आला तो डोकं हातांनी गच्च धरूनच, आणि लोळायला लागला. पाहणाऱ्याला वाटावं, आता स्ट्रेचर येणार.

पंच मॉनिटरपाशी गेले, रिप्ले पाहिला आणि जिनोबिलीला फ्लॅग्रंट, म्हणजे गंभीर फाऊल दिला, पहिल्या दर्जाचा. म्हणजे ॲलनला दोन फ्री थ्रो आणि त्यानंतर चेंडूही मेम्फिसकडेच. काही क्षणांपूर्वी गडाबडा लोळणारा ॲलन उठला, रेषेवर उभा राहिला आणि दोन्ही फ्री थ्रो त्याने टाकले. ८५-८३. मग मेम्फिसच्या माइक कॉन्लीने एक अलगद फ्लोटर (उंचावरून हलकेच सोडलेला चेंडू) टाकला. ८५-८५. स्पर्सचा शेवटचा प्रयत्न फसला आणि सामना जादा वेळेत गेला. तिथे डंकनने सुरुवातीचे सहा गुण एकट्याने काढले आणि स्पर्स ९३-८९ असे जिंकले.

पुढे काहीच दिवसांत लीगच्या कार्यालयाने त्याच प्रसंगाची फीत पाहून दुसरा निकाल दिला. टोनी ॲलनने पडण्याचं नाटक केलं, म्हणजे फ्लॉप केला. दंड ५,००० डॉलर.

मला हे प्रकरण फ्लॉपिंगच्या इतर सगळ्या भांडणांपेक्षा जास्त बोलकं वाटतं. एरवी वाद 'धक्का लागला की नाही' यावर होतो. इथे धक्का लागला होता यात शंका नाही. जिनोबिलीने हात ओढला, फाऊल खराच होता. आणि कांगावाही खराच होता. मैदानावरचा निकाल सांगतो की ॲलनवर अन्याय झाला, कार्यालयाचा निकाल सांगतो की ॲलनने पंचांना फसवलं, आणि दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर आहेत. बिनसलं ते हिशेबात. फाऊलची भरपाई गुणांत झाली, सोंगाची वसुली मात्र डॉलरमध्ये. भरपाई संघाला मिळाली, तीही तिथल्या तिथे. वसुली एका माणसाच्या खिशातून झाली, आणि तीही नंतर.

या सोंगाची किंमत नेमकी किती होती, ते जरा मांडून पाहू. समजा पंचांनी साधा शूटिंग फाऊल दिला असता. ॲलनचे दोन फ्री थ्रो, ८५-८३, पण पुढचा चेंडू स्पर्सकडे. शॉट क्लॉक, म्हणजे एका ताब्यात फेक करण्यासाठी मिळणारा वेळ, २४ सेकंदांचं आणि घड्याळात साधारण २६ सेकंद. स्पर्सने चेंडू धरून ठेवला असता तर मेम्फिसच्या वाट्याला शेवटी जेमतेम दोन सेकंद उरले असते. म्हणून त्यांना मुद्दाम फाऊल करून स्पर्सच्या कुणाला तरी फ्री थ्रोच्या रेषेवर पाठवावं लागलं असतं आणि तो चुकावा म्हणून देव पाण्यात ठेवावे लागले असते. साधा फाऊल आणि फ्लॅग्रंट फाऊल यांच्यातला फरक त्या क्षणी एवढा मोठा होता. दोन फ्री थ्रो ॲलनला तसेही मिळणारच होते. त्यांच्यावर मिळालेला चेंडूचा ताबा हा सगळा सामना होता.

निव्वळ डोकं धरून लोळण्यामुळेच फ्लॅग्रंट मिळाला, असं कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. वेगात असलेल्या माणसाचा हात ओढणं धोक्याचंच असतं आणि पंचांनी तेवढ्यावरही तोच निर्णय दिला असता, असं म्हणायला जागा आहे. पण पहिल्या दर्जाच्या फ्लॅग्रंटची व्याख्याच 'अनावश्यक' संपर्क अशी आहे. अनावश्यक म्हणजे किती, हे ठरवताना समोर एक माणूस डोकं धरून तळमळत असेल तर त्याचा भार तराजूत पडत नाही, असं मानणं भाबडेपणाचं होईल. ॲलनलाही ते ठाऊक होतं, म्हणून तर तो लोळत होता.

आता त्या वेळचा नियम. तो या सामन्याच्या आठ महिने आधीही नव्हता.

ऑक्टोबर २०१२ मध्ये एनबीएने पहिल्यांदा फ्लॉपिंगसाठी वेगळा दंड आणला. पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी ५,००० डॉलर, मग १०,०००, मग १५,०००, पाचव्या वेळी ३०,००० आणि त्यापुढे गेल्यास जास्त दंड किंवा निलंबनही. पण यातलं काहीही सामना चालू असताना होणार नव्हतं. पंचांनी शिट्टी वाजवायची नाही. लीगच्या कार्यालयाने नंतर फीत पाहायची आणि पत्रक काढायचं. वरातीमागून घोडं, पण नियमात बसवलेलं. त्या नोव्हेंबरमध्ये मिनेसोटाच्या होजे बरेआला आणि क्लीव्हलंडच्या डोनाल्ड स्लोनला पहिल्या ताकिदी मिळाल्या, आणि ब्रुकलिन नेट्सचा रेजी एव्हान्स पहिला दंडित ठरला. खेळाडूंच्या संघटनेने लगेच आक्षेप घेतला, पण तो 'खेळाडू सोंगं करत नाहीत' असा नव्हता. आमच्याशी बोलणी न करता तुम्ही एकतर्फी शिक्षा कशी लावता, असा होता. कामगार संघटनेसारखाच आक्षेप, आणि त्या चौकटीत रास्तही.

नियम येण्याच्या काही महिने आधीची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. मे २०१२ मध्ये इंडियाना पेसर्सचा प्रशिक्षक फ्रँक व्होगेल मायामी हीटविरुद्धच्या मालिकेआधी म्हणाला की हा लीगमधला सगळ्यात जास्त फ्लॉप करणारा संघ आहे. त्याला १५,००० डॉलर दंड झाला. म्हणजे तेव्हा सोंग घेणं फुकट होतं आणि सोंगाला सोंग म्हणणं पंधरा हजारांना पडत होतं. वर्षभराने ॲलनने प्रत्यक्ष सोंग घेतलं, ते त्याच्या एक तृतीयांश किमतीत. लीगला कशाची चीड जास्त येते, हे या दोन आकड्यांवरून ज्याने त्याने ठरवावं.

प्लेऑफसाठी, म्हणजे साध्या हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांसाठी, दरपत्रक वेगळं होतं. ताकीद नाही, पहिल्याच वेळी ५,०००, दुसऱ्या वेळी १०,०००, असं चढत जाणारं. दिसायला कडक. पण हिशेब नव्याने सुरू व्हायचा. हंगामभर चार वेळा पकडला गेलेला आणि एकदाही न पकडला गेलेला, दोघेही प्लेऑफच्या उंबरठ्यावर सारखेच स्वच्छ. आणि साध्या हंगामातल्या एखाद्या निरर्थक मंगळवारच्या रात्री, वीस गुणांनी मागे असताना केलेलं सोंग आणि कॉन्फरन्स फायनलच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात केलेलं सोंग यांच्या दंडात फरक पडायचा तो फक्त कितव्यांदा पकडलं यावर. सोंगाने काय मिळवलं, हा प्रश्न दरपत्रकात कुठेच नव्हता. फसलेल्या फ्लॉपला आणि सामना फिरवणाऱ्या फ्लॉपला एकच भाव.

रकमेबद्दल तर खुद्द लीगचे कमिशनर डेव्हिड स्टर्न यांनीच कबुली दिली. जून २०१३ मध्ये, अंतिम फेरीच्या तोंडावर, ते म्हणाले की खेळाडूंचा सरासरी पगार ५५ लाख डॉलर असताना ५,००० डॉलरच्या दंडाने कुणी थांबणार नाही. हे प्रमाण आपल्या हिशेबात आणू. वर्षाला सहा लाख रुपये कमावणाऱ्या माणसाला त्याच मापाने दंड लावला तर तो साधारण ५४५ रुपये होतो. सिग्नल तोडल्यावर होतो तसलाच. आणि सिग्नल तोडून चार मिनिटं लवकर पोचण्यापेक्षा कॉन्फरन्स फायनलमध्ये बरोबरी साधणं, मला वाटतं, कुणालाही जास्त मोलाचं वाटेल.

ॲलनच्या सामन्यानंतर आठवडाभरानेच पूर्वेकडच्या अंतिम फेरीत आणखी एक नमुना झाला. २८ मे रोजी इंडियानाने मायामीला चौथ्या सामन्यात ९९-९२ हरवलं, आणि मग लीगने तिघांना प्रत्येकी ५,००० डॉलर दंड केला: लेब्रॉन जेम्स, डेव्हिड वेस्ट आणि लान्स स्टीव्हन्सन. यात लेब्रॉन आणि वेस्ट यांना एकाच झटापटीबद्दल. दोघंही एकमेकांच्या धक्क्याने उडाल्याचं नाटक करत होते. त्या हंगामात लेब्रॉनचा पगार होता १ कोटी ७५ लाख डॉलरच्या वर. ५,००० डॉलर म्हणजे त्याच्या एका सामन्याच्या मोबदल्याचा चाळिसावा हिस्साही नाही.

'लीग मोठ्या खेळाडूंना हात लावत नाही' ही नेहमीची तक्रार या पत्रकाने थोडी लंगडी पडते, कारण त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूलाच दंड झाला होता. मला विचाराल तर विसंगतीचं मूळ नाव पाहून न्याय करण्यात नाहीच, निदान मुख्यतः नाही. ते न्याय देणाऱ्या जागा वेगवेगळ्या असण्यात आहे. पंच एका कोनातून, धावता धावता, एकदाच पाहतो. मॉनिटरसमोरचा पंच संथ गतीत पाहतो, पण त्याला विचारलेला प्रश्न ठरलेला असतो: हा फाऊल किती गंभीर? आणि कार्यालयातला माणूस दुसऱ्या दिवशी, शांतपणे, दुसराच प्रश्न विचारतो: हे पडणं खरं होतं का? सॅन अँटोनियोत तर गंमत अशी की पंच मॉनिटरसमोर उभे होते. लीगने नंतर पाहिली तीच दृश्यं त्यांच्या डोळ्यांपुढे होती. पण 'ॲलनचं डोकं खरंच दुखतंय का' हे विचारण्याचा अधिकार त्यांना नियमाने दिलेलाच नव्हता.

फ्लॉपची व्याख्या मात्र चांगली होती, हे मान्य करायला हवं. पंचांना दुसऱ्या खेळाडूवर फाऊल द्यायला लावण्याच्या हेतूने केल्यासारखी दिसणारी शारीरिक कृती म्हणजे फ्लॉप. कसोटी अशी: लागलेल्या धक्क्याचा जोर आणि दिशा पाहता शरीराची प्रतिक्रिया सुसंगत आहे का? डावीकडून धक्का लागला आणि माणूस डावीकडेच कोसळला तर काहीतरी गडबड आहे. हात ओढला गेला आणि माणसाने डोकं धरलं, तरी गडबड आहे. चार्ज घेण्यासाठी, म्हणजे धावून येणाऱ्याचा धक्का अंगावर घेऊन त्याच्यावर फाऊल मिळवण्यासाठी, आधीच जागा पकडून उभं राहणं, धक्क्याने किरकोळ डगमगणं, हे यातून वगळलेलं.

पण 'किती धक्क्याला माणूस किती पडतो' याचं उत्तर कुणाकडे आहे? डॅलस मॅव्हरिक्सचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन यांना हा प्रश्न इतका डाचला की जून २०१३ मध्ये त्यांच्या कंपनीने सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना एक लाख डॉलरहून जास्त रक्कम दिली, टक्कर झाल्यावर शरीराचा तोल नेमका कसा जातो हे तपासण्यासाठी. लोक तेव्हा हसले. मला मात्र तो पैसा योग्य ठिकाणी गेल्यासारखा वाटतो. धावणारा, एका पायावर असलेला, हवेत उडालेला माणूस फार थोड्या जोराने कोसळतो. दोन पायांवर घट्ट उभा असलेला नाही. ॲलन वेगात होता. त्याचं पडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पडल्यानंतरचा अंक खोटा होता.

आणि पात्रयोजना तर एखाद्या वगातली वाटावी अशी. टोनी ॲलन हा मेम्फिसच्या राकट खेळाचा चेहरा. २०१२ आणि २०१३, दोन्ही वर्षी लीगच्या पहिल्या बचाव संघात निवडला गेलेला. धक्के देणारा आणि खाणारा, कुरकूर न करणारा अशी त्याची ख्याती. समोर मनू जिनोबिली: थोर खेळाडू, अर्जेंटिनाच्या २००४च्या ऑलिंपिक सुवर्णपदकाचा शिल्पकार, पण फ्लॉपिंगचा विषय निघाला की व्लादे दिवाचच्या पाठोपाठ ज्याचं नाव येतंच असा. सोंगाड्या म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जायचं, त्याच्याच डोक्यावर दुसऱ्याच्या सोंगाने फ्लॅग्रंट बसला. मेम्फिसच्या चाहत्यांना तेव्हा गुदगुल्या झाल्या असतील, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण यातून एक गोष्ट दिसते. फ्लॉपिंग ही काही मोजक्या बदनाम खेळाडूंची खोड नाही. २६ सेकंद, चार गुणांची पिछाडी आणि पाच हजारांचा दंड असा सौदा समोर ठेवला तर राकटातला राकट माणूसही तो करतो.

पुढच्या काही वर्षांत फ्लॉपच्या दंडांच्या बातम्या विरळ होत गेल्या. सोंगं कमी झाली म्हणून नाही, हे सामने पाहणारा कुणीही सांगेल. सोंगाची तऱ्हाही बदलली. बचाव करणारे पडत होते ते पडतच राहिले, पण आता चेंडू हातात असलेले मुद्दाम बचावपटूच्या अंगावर उडी मारून, त्याच्या हातात हात अडकवून फाऊल काढू लागले. २०२१ मध्ये लीगने अशा अनैसर्गिक हालचालींवर पंचांना वेगळी सूचना दिली. तो एक स्वतंत्र विषय आहे.

मग जुलै २०२३ मध्ये मोठा बदल झाला. २०२३-२४ हंगामापासून फ्लॉपला सामन्यातच शिक्षा: टेक्निकल फाऊल (धक्क्याशी संबंध नसलेल्या नियमभंगाचा), आणि प्रतिस्पर्ध्यांना एक फ्री थ्रो. तो टेक्निकल बेशिस्तीचा धरायचा नाही, त्यामुळे दोनदा फ्लॉप केला म्हणून खेळाडू बाहेर जाणार नाही. चालू खेळ थांबवायची पंचांना सक्ती नाही. योग्य खंड मिळाला की शिक्षा द्यायची. फ्लॉपच्या निर्णयावर प्रशिक्षकाला चॅलेंज करता, म्हणजे फेरतपासणी मागता येणार नाही. आणि आपल्या प्रकरणाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकाच प्रसंगात फाऊल आणि फ्लॉप, दोन्ही देता येतात.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलला यात नवल वाटलं नाही. फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत खोटं पडण्याला टेक्निकल आधीपासूनच आहे, आणि आपल्याकडच्या जिल्हा-राज्य स्पर्धाही त्याच नियमांनी चालतात. अर्थात जिल्हा स्पर्धेत पंच टेक्निकल क्वचितच देतो. पडलेल्या पोराकडे न बघता "ऊठ रे, चल" एवढंच म्हणतो आणि खेळ पुढे जातो. पंचाने दुर्लक्ष करणं ही सोंगावरची सगळ्यात जुनी शिक्षा, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा पुरेशी.

तर २०१३चा तो प्रसंग नव्या नियमात टाकून पाहू. ॲलन धावतो, जिनोबिली हात ओढतो, ॲलन डोकं धरून लोळतो. पंच फाऊल देतात. त्याच वेळी त्यांना सोंग ओळखू आलं तर ॲलनवर टेक्निकल, स्पर्सला एक फ्री थ्रो. सगळे फ्री थ्रो पडले असं धरलं तर ८६-८३. फ्लॅग्रंट कायम राहिला तर चेंडू मेम्फिसकडे, आणि कॉन्लीच्या त्या फ्लोटरनंतर ८६-८५. मेम्फिस एका गुणाने मागे, चेंडू स्पर्सकडे, घड्याळ मेम्फिसच्या विरोधात. डॉलरने जे साधलं नाही ते एका फ्री थ्रोने साधलं असतं.

पण वाक्यातला 'ओळखू आलं तर' हा तुकडा सगळा डोलारा पेलतो आहे. फ्लॉपवर शिट्टी वाजते ती पंच फसला नाही तेव्हा. म्हणजे टेक्निकल बसतो तो कच्च्या नटाला, ज्याच्या सोंगाने मुळातच काही मिळालं नसतं. पंचाला जो पुरता फसवतो, त्याला फाऊलही मिळतो आणि टेक्निकलही लागत नाही. जुनी पद्धत यशस्वी सोंग पकडू शकत होती, कारण ती फीत निवांत पाहायची. पण हातून गेलेला गुण ती परत आणू शकत नव्हती. नवी पद्धत गुण देऊ शकते, पण तो बहुधा फसलेल्या सोंगाच्या बदल्यात. विसंगती गेली नाही, तिने बाजू बदलली. त्यात प्रशिक्षकाला चॅलेंजचाही रस्ता नाही. बहुतेक सगळं पहिल्या पंचाच्या पहिल्या नजरेवरच. कुठल्या रात्री कुठले तीन पंच आहेत, यावर दर बदलणार.

माझ्या मते दुरुस्तीची जागा ॲलनच्याच प्रकरणात उघडी दिसते. पंच जेव्हा कुठल्याही कारणाने मॉनिटरसमोर जातात, तेव्हा त्यांनी दोन प्रश्नांची उत्तरं द्यायलाच हवीत: फाऊल किती गंभीर होता, आणि पडलेल्याने किती वाढवून दाखवलं. नुसती मुभा नको, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही माइकवर जाहीर करायचं बंधन हवं. प्रत्येक पडण्यासाठी खेळ थांबवा असं माझं म्हणणं नाही. तसं केलं तर सामने मध्यरात्रीपर्यंत चालतील आणि लोक उठून जातील. पण खेळ आधीच थांबलेला आहे, फीत आधीच समोर आहे, तिथे अर्धाच प्रश्न विचारून परत यायला काही कारण नाही. शेवटच्या दोन मिनिटांतली सोंगं, म्हणजे सगळ्यात महागडी सोंगं, यातून बरीचशी सापडतील. गर्दीत मधल्या क्वार्टरमध्ये कोपराने ढकलल्याचा आव आणणारा सुटेल. तो सुटला तरी चालेल.

त्या रात्री स्पर्स हरले असते तर हे प्रकरण नक्कीच जास्त गाजलं असतं. डंकनने जादा वेळेत ते मिटवलं, स्पर्सने मालिका ४-० अशी जिंकली आणि पुढे मायामीविरुद्ध सात सामन्यांची अंतिम फेरी गमावली, त्या धुरळ्यात ॲलनचे पाच हजार डॉलर कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. गुणपत्रकात मात्र त्याचे ते दोन फ्री थ्रो आहेत, त्यांच्यामागून आलेला कॉन्लीचा फ्लोटर आहे आणि जादा वेळेचा रकानाही आहे. दंडाची नोंद करायला गुणपत्रकात रकाना नसतो.